गीताबाईंची सेवानिवृत्ती

"आपल्या तालुक्यात माणूस मेला ना, की तो आधी माझ्या कागदावर मरतो, मग तलाठ्याच्या!"

असं सावळाराम छाती फुगवून सांगायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. मुरबाडला आमदार आबासाहेबांचं संपर्क कार्यालय होतं. तिथून दर महिन्याला 'खबरबात' नावाचं चार पानी पत्रक निघायचं. पहिल्या पानावर आबासाहेबांचा हात जोडलेला फोटो, आत बोअरवेल, समाजमंदिरं आणि विधानसभेत विचारलेले प्रश्न. पण मुरबाडपासून शहापूरपर्यंत लोक पत्रक उघडायचे ते थेट शेवटच्या पानावर. ते पान सावळारामचं! डावीकडे 'हार्दिक अभिनंदन', मधे 'सेवानिवृत्ती', उजवीकडे 'दुःखद निधन'. कुणाची पोरगी दहावीला पहिली आली, कुठले गुरुजी निवृत्त झाले, कोण गेलं, सगळं तिथं. आबासाहेब ते पान वाचायचे आणि गाडी काढायचे. पेढे न्यायचे की डोळे पुसायचे, ते सावळारामच्या कागदावर ठरायचं. इतक्या वर्षांत डावीकडचा माणूस कधी उजवीकडे गेला नव्हता!

मजकूर प्रेसला धाडण्याआधी तो टोकावड्याजवळच्या आपल्या घरी बायकोला वाचून दाखवायचा. गीताबाईला अक्षर येत नव्हतं, पण तांदूळ निवडता निवडता ती मधेच हात वर करायची.

"अवो, तो आपल्या बौद्धवाड्यातला ना? त्याला कैलासवासी काय लिवताव? कैलासावर कशाला धाडताव त्याला? कालकथित लिवा!"

"लिवतो गो."

"आनी पोरांची नावं घाला. पोरं कापून ठेवतात कागूद."

त्या वर्षी डिसेंबरात आबासाहेब अधिवेशनाला नागपूरला गेले. त्यांचा पी.ए. शेखरही सोबत. इकडे खळ्यावर भात झोडता झोडता गीताबाई एकाएकी खाली बसली. जरा दम लागलाय, म्हणाली. तिला जीपमध्ये घालून कल्याणला न्यायला निघाले. वाटेत तिनं एकदाच डोळे उघडले. "भात झाकलंव का? दव पडंल," एवढंच बोलली. जीप कल्याणला पोचली तेव्हा गीताबाई नव्हती.

आता, तालुक्यातल्या मयतीची खबर आमदारांना द्यायचं काम कुणाचं? सावळारामचं! त्याच्याच घरची मयत झाल्यावर खबर देणार कोण? शेजाऱ्यांना वाटलं, यानं कळवलं असेल. यानं ठरवलं, साहेब अधिवेशनात आहेत, उगीच कशाला. आणि अंक तर साहेब परतायच्या दिवशी निघायलाच हवा होता. प्रेसमधून निरोप आला, मजकूर धाडा.

सावळाराम ओटीवर लिहायला बसला. बोअरवेली झाल्या, विधानसभेतले प्रश्न झाले, कुस्ती जिंकलेला पोरगा झाला. मग त्यानं नवा कागद घेतला. वर शीर्षक लिहायचं होतं. तालुकाभरच्या माणसांसाठी ज्या हातानं ते शीर्षक लिहिलं, तो हात 'दुः'पाशीच थांबला. त्यानं ते खोडलं. म्हटलं, खालचं आधी लिहू. खालचं मात्र भराभर उतरलं:

"गीताबाई सावळाराम यांनी आयुष्यभर अखंड सेवा केली. कधी रजा घेतली नाही, कधी तक्रार केली नाही. आता त्यांनी सर्वांचा निरोप घेतला आहे. त्यांना विश्रांती लाभो."

वरची जागा कोरीच राहिली. कागद त्यानं एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिले आणि पहिल्यांदाच प्रूफ बघायला गेला नाही.

प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर अनिता बसायची. नवीनच लागली होती, रोज कल्याणहून जीपनं यायची. तिनं मजकूर वाचला. अखंड सेवा... रजा घेतली नाही... निरोप... विश्रांती... शीर्षक राहिलेलं दिसतंय! बिचारे काका घाईत विसरले असतील. तिनं तो मजकूर मधल्या रकान्यात टाकला, भोवती गुलाबाच्या फुलांची चौकट काढली आणि निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला लावायची ती ओळ खाली जोडली:

"त्यांच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!"

अंक निघाला त्याच दिवशी सावळारामकडे गीताबाईचा जलदान विधी होता. अंगणात मांडव, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. गीताबाईचा फोटो तेवढा नव्हता. तो मोठा करायला मुरबाडच्या स्टुडिओत टाकला होता, आणि लेक संघरत्ना सकाळच्या गाडीनं तो आणायला गेली होती.

शेजारचा कमळू पत्रक घेऊन धावत आला.

"दादा, ह्ये काय छापलंव? वैनी रिटायर झाली?"

सावळारामनं वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. गुलाबाची फुलं बघितली. तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली आणि निवृत्त शिक्षक संघाचे एक गुरुजी हातात गुच्छ घेऊन उतरले.

"अभिनंदन, अभिनंदन! कुठल्या शाळेवर होत्या बाई?"

"शाळेवर नाय..." सावळाराम चाचरला.

"मग अंगणवाडी? वा! मूलभूत काम!" गुरुजींनी मांडवाकडे, पांढऱ्या कपड्यांकडे समाधानानं पाहिलं. "बरीच मंडळी जमलीत! असं प्रेम मिळायला भाग्य लागतं, सावळाराम."

तेही खोटं नव्हतं. सावळारामनं मान हलवली. गुरुजी पहिल्या खुर्चीत गुच्छ मांडीवर घेऊन बसले आणि सत्कारमूर्तीची वाट बघू लागले!

कमळू त्यांच्या कानाशी लागणार, इतक्यात आबासाहेबांची गाडी आली. नागपूरहून परतताना मुरबाडला त्यांनी अंक घेतला होता, आणि शेखरनं बाजारातून शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. आबासाहेब उतरले ते दोन्ही हात पसरूनच.

"सावळ्या, लबाडा! वहिनी नोकरी करतात हे इतकी वर्षं आमच्यापासून लपवलंस?"

"आबा, जरा ऐका..."

"आज मी ऐकणार नाही, बोलणार!" आणि ते बोलूच लागले. आमदारांना थांबवायचं कसं, हे सबंध मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं. विधी करायला आलेले बौद्धाचार्य हात जोडून उभे राहिले, तर आबासाहेबांनी त्यांनाही नमस्कार करून खाली बसवलं. "मंडळी, सरकारी माणूस रजेशिवाय जगत नाही, आणि या माउलीनं एक रजा घेतली नाही! आता मात्र गीतावहिनींनी आराम करायचा. सावळ्या, उद्यापासून चूल तू पेटवायचीस!"

ते स्वतःच मोठ्यानं हसले. दुसरं कुणी हसलं नाही. कोपऱ्यात बसलेली म्हातारी बाईजा, गीताबाईसोबत जन्मभर भात लावलेली, पदर तोंडात कोंबून रडत होती.

"अहो, आनंदाश्रू!" गुरुजी हळूच शेखरला म्हणाले.

"बोलवा की वहिनींना!" आबासाहेबांनी शालीची घडी मोडली.

त्याच वेळी संघरत्ना मांडवात शिरली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. सरळ टेबलाशी गेली, कागद काढला, आईचा फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ठेवला आणि मेणबत्ती लावली.

आबासाहेबांचे पसरलेले हात तसेच राहिले. गुरुजींच्या मांडीवरचा गुच्छ खाली पडला.

"सावळ्या," आबासाहेबांनी शाल खाली घेतली. "कधी रे?"

"खळ्यावर असताना, आबा. तुमी नागपुरात होतात."

"आणि मला... मी इथं..." ते घाईघाईनं शालीची घडी घालायला लागले. घडी काही नीट बसेना.

"ऱ्हाऊ द्या," सावळाराम म्हणाला. "दुमडू नका. छापलंय त्यातलं काय खोटं हाय? राबली ती. आनलीय तर घाला तिला. कुनी कवा घातली नव्हती."

आबासाहेबांनी फोटोला शाल पांघरली. शाल घसरली. पुन्हा पांघरली, पुन्हा घसरली. काचेवर ती ठरेच ना. शेवटी आमदारसाहेब टेबलामागं उकिडवे बसले आणि फोटोच्या दोन्ही खांद्यांवर शाल हातांनी धरून राहिले. त्रिसरण झालं, पंचशील झालं, गाथा झाल्या. त्यांच्या गुडघ्यांना रग लागली, कपाळावर घाम आला, पण हात काढले नाहीत. मांडवातून बघणाऱ्याला वाटावं, गीताबाईच शाल ओढून बसलीय आणि तिच्या डोक्यामागून आमदारांच्या टोपीचा कोपरा तेवढा दिसतोय.

जेवणं झाली. आबासाहेब खाली मान घालून निघाले, तर बाईजा वाटेत आडवी आली.

"सायेब, आमाला कवा करताव रिटायर? का ह्या गीतीसारखं मेल्यावरच?"

आबासाहेब सवयीनं मागं वळून म्हणाले, "शेखर, लिहून घे."

शेखरही सवयीचाच. त्यानं डायरी काढली, पेनाचं टोपण दातात धरलं. "नाव बाईजा. बरं आजी, कुठल्या खात्यात?"

बाईजाला कमी ऐकू यायचं. ती कान पुढं करून म्हणाली, "खाते ना रे बाबा! भात खाते, मिळंल तवा!"

आधी कमळू फिसकन हसला, मग पांढऱ्या साड्यांतल्या बाया, मग खुद्द आबासाहेब डोळे पुसत. खळ्यावरच्या त्या दुपारपासून त्या घरात पहिल्यांदाच सगळे हसले होते. सावळारामही हसला, पोट धरून हसला, आणि हसता हसताच सवयीनं चुलीकडे वळून ओरडला:

"ऐकलास का गो?"

आत संघरत्ना भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"ऐकलं, बाबा," ती म्हणाली.