फरशीच्या कठड्याची बखर

श्रीगजाननास वंदन आणि ग्रामदेवतेचे स्मरण करोन लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरीं, एका नगरीं नगरपालिकेचे राज्य नांदत होते आणि बाजीनाथराव नगराध्यक्ष गादीवर विराजमान होते. ओढ्यापलीकडील वस्तीतून गुणवंताबाई ठोंबरे प्रथमच निवडोन आल्या. ओढ्यावरील फरशीपुलास कठडा नव्हता. तो बांधावा, येवढे एकच मागणे पदरीं घेऊन बाई दरबारीं दाखल जाहल्या.

त्या दरबारची चाल ऐसी की, कोणी थोर माणूस निवर्तला की सभेने उभे राहोन दुखवटा पाळावा आणि सभा तहकूब करावी, मग चहाभजी घ्यावी. पहिल्याच सभेस माजी नगराध्यक्ष वारल्याची खबर आली आणि तहकुबीस सर्वांआधी हात बाईंनीच वर केला, डोळ्यांस पाणीही आले. मग पुढील सभेस पतपेढीचे चेअरमन गेले, मग कोणी गवई गेले, मग परमुलखीचे एक मंत्री गेले, ज्यांचे नांव दरबारांत कोणास धड घेतां येईना. तरी सारे उभे राहिले आणि कठडा राहिला. शेजारील सभासद हळूच बोलिले, "अक्का, आज तरी तोंड उघडा की."

बाई म्हणाल्या, "मेल्या माणसाच्या नावावर कुठं वाद घालायचा? बरं दिसत न्हाई. म्होरल्या खेपंला बघू."

मग श्रावणांत ओढ्यास पाणी चढले आणि बाईंचे धाकटे बंधू भानुदास दुधाच्या किटल्यांसह सायकलीवरून येतां फरशीवरोन वाहोन गेले. बाईंच्या काळजाचे पाणी जाहले. आपण भीड धरिली, तींत भाऊ गेला, हे मनांतून हलेना. तेरावा होतांच बाई सभेस आल्या आणि आरंभींच हात जोडोन बोलिल्या, "सायेब, आज सभा तहकूब करू नगा. तेवढा कठडा घ्या."

बाजीनाथराव साहेबांनी चष्मा काढोन खरोखरच डोळे पुसले. म्हणाले, "अक्का, तुमचा भाऊ तो आमचा भाऊ. गवयासाठी उठलो, अन् त्याच्यासाठी उठायचं न्हाई? लोक काय म्हणतील?"

सारा दरबार उभा राहिला. बाई खुर्चीस धरोन बसोन राहिल्या. मग साहेबांनी "कैलासवासी भानुदास" ऐसे नांव उच्चारिले आणि बाईंस बसवेना. त्याही उभ्या राहिल्या. मग तहकुबीस हात मागितले आणि सर्वांचे वर गेले, आणि बाईंचा सर्वांमागून गेला.

एवंच, कठडा पुढील सभेवर गेला. या राज्यांत दुष्ट कोणी नव्हता, हे लिहितां फार वाईट वाटते. इति.