कपाटांचा दावा

काकू गेल्या त्या दिवशी सुतार मापं घ्यायला येणार होता. तो आला. अंगणात चपला पाहिल्या, हातातला टेप खिशात ठेवला आणि माणसांमध्ये जाऊन उभा राहिला.

कसली मापं, हे सांगायचं तर आधी अण्णांविषयी सांगायला हवं.

अण्णा आमचे शेजारी. नाशिकच्या इंदिरानगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. आमच्या दोन घरांत भिंत एकच होती, त्यामुळे त्यांची फोडणी आणि त्यांची भांडणं आम्हाला घरबसल्या मिळत. अण्णा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. कोर्टाने त्यांना रीतसर निरोप दिला, त्यांनी मात्र कोर्टाला दिला नाही.

बायकोला हाक मारायची तर ते पुकारा करत. काकू दोन हातांच्या अंतरावर कणीक मळत असल्या तरी अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत, मान वर करत आणि पक्षकार पार बाहेरच्या वडाखाली बसला असावा अशा आवाजात ओरडत, "सुमन दामोदर हाजिर होऽ!" असं तीनदा. काकू मुद्दाम तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत गप्प राहत. मग म्हणत, "हाय हजर. काय शिक्षा करायची ती करा, नायतर खोबरं तरी किसा." काकू वणीच्या. चारचौघांत त्या शहरासारखं बोलत, पण अण्णांशी बोलताना त्यांचं वणीचं 'नाय' आणि 'लय' परत येई.

अण्णांच्या घरात निर्णय होत नसे, तारीख पडत असे. नळ गळतो, तारीख. कळवणला मुलीच्या सासरी जायचं, तारीख. अंगणातल्या कढीलिंबाची मुळं भिंतीत शिरतात म्हणून तो तोडावा असं काकूंनी सुचवलं तेव्हा कढीलिंब माझ्या कमरेएवढा होता. दोन्ही बाजू ऐकून घेईपर्यंत तो गच्चीवर पोहोचला.

पण त्यांचा खरा गाजलेला दावा ओट्याखालच्या कपाटांचा.

कोर्टाने एकदा जुनं सामान लिलावात काढलं, त्यात अण्णांनी रेकॉर्डची दोन कपाटं घेतली. घर बांधताना ती कापून, बेतून ओट्याखाली बसवली. दारं इतकी जड की एक उघडलं की भांडी आपोआप थरथरत. वरचं पॉलिश उडालं होतं, कडीत काकूंच्या बांगड्या अडकत. तेव्हा प्रश्न असा होता की, ही कपाटं रंगवायची की काढून नवी करायची? अण्णा म्हणत, रंगवायची. काकू म्हणत, बदलायची.

"सागवान आहे, अगं! असलं लाकूड आता बघायला मिळत नाही."

"मला बघायचं नाय, वापरायचंय. तुमच्या सागवानाला कोर्टाचा वास येतो. तो डाळीला लागतो."

"डाळीला वास लागतो याला पुरावा काय?"

"रोज जेवताय तो."

दर रविवारी चहानंतर सुनावणी असे. "सर, तुम्ही पुस्तकं वाचता, म्हणजे न्यायाधीश तुम्हीच," असं अण्णांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला स्वयंपाकघरात पाटावर बसवत. न्यायाधीशाने काही बोलू नये अशी दोन्ही पक्षांची अपेक्षा असे, आणि ती माझ्या स्वभावाला सोयीची होती.

रंग कोणता द्यावा यावर पुरावा हवा म्हणून अण्णांनी एका दारावर स्वतः पट्टे ओढले. पिस्ता, मोतिया आणि आकाशी. कोर्टात पुराव्याच्या वस्तूला निशाणी म्हणतात, म्हणून त्या निशाणी एक, निशाणी दोन, निशाणी तीन. पट्टे ओढताना त्यांच्या धोतराला चौथा रंग कुठून लागला ते कुणालाच कळलं नाही. काकू दाराकडे बघत म्हणाल्या, "धुळवड खेळून आल्यासारखं दिसतंय ते कपाट." मग मला म्हणाल्या, "सर, हे रेकॉर्डवर घ्या."

काकूंनीही हार मानली नाही. मागच्या गल्लीत एकांकडे नवं स्वयंपाकघर झालं होतं, सनमायकाची पांढरीशुभ्र कपाटं. काकूंनी स्थळपाहणीची मागणी केली. आम्ही तिघं रीतसर गेलो. त्या बाई बिचाऱ्या पोहे करायला लागल्या. अण्णांनी तेवढ्यात एका दारावर टिचक्या मारल्या, कान लावला आणि जाहीर केलं, "आत भुसा आहे."

"आणि तुमच्यात काय हाय?" काकू म्हणाल्या. पोहे करणाऱ्या बाईंच्या हातून झारा पडला.

त्या पाहणीनंतर अण्णांची बाजू सैल होत गेली. एका रविवारी काकूंनी डाळीचा डबा त्यांच्या नाकाखाली धरला. अण्णांनी डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ घेतला आणि म्हणाले, "रेकॉर्डरूमच आहे. मला आवडतो हा वास."

"मग डाळ भिजवू नका, फाइली भिजवा."

अण्णा हसले आणि सुताराला बोलवायला तयार झाले. मी निघालो तेव्हा मला दारात गाठून मात्र म्हणाले, "सर, मापं म्हणजे निकाल नव्हे हां." पण निकालच होता तो. काकूंनी त्याच संध्याकाळी डबे रिकामे करायला घेतले.

मग तो दिवस आला. काकू कणीक मळत होत्या, तिथेच बसल्या आणि उठल्या नाहीत.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी मी चहाच्या वेळी घरीच थांबलो होतो. दारात अण्णा उभे. दाढी केलेली, टोपी घातलेली.

"कोर्ट बसणार नाही का आज?"

मी म्हटलं, "अण्णा, आता दावा संपला."

"तुम्हाला कायदा माहीत नाही." त्यांचा आवाज अगदी ऑफिसातला. "पक्षकार मयत झाला म्हणून दावा लगेच संपत नाही. मुदतीत वारस लावले नाहीत तर संपतो. वारस लावले तर तिथूनच पुढे चालतो."

"वारस कोण लावणार?"

"मी. तिच्या बाजूने मी उभा राहतो."

"मग तुमच्या बाजूने?"

"तुम्ही. आजपासून तुम्ही माझे वकील."

"मी तर न्यायाधीश होतो."

"तुमची बदली झाली," अण्णा म्हणाले.

आम्ही त्यांच्याकडे गेलो. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, मान वर केली आणि नेहमीच्या आवाजात पुकारा केला. "सुमन दामोदर हाजिर होऽ!" तीनदा. तिसऱ्यानंतर थोडं थांबले. मग आत जाऊन ओट्यापाशी वळले आणि हळू म्हणाले, "हाय हजर."

त्यानंतर दर रविवारी सुनावणी होत राहिली. मी सागवानाची बाजू मांडायचो आणि अण्णा तिच्या चिंधड्या करून टाकायचे. स्वतःच्या बाजूने इतकी वर्षं बोलताना त्यांना कधी एवढं सुचलं नव्हतं. कडीत अडकणाऱ्या बांगड्या, दाराचं वजन, पावसाळ्यात फुगणारी चौकट, काकूंची एकूण एक तक्रार त्यांना पाठ होती. कधी मधेच थांबत. "नाही, हे ती असं म्हणाली नसती," म्हणून वाक्य मागे घेत आणि त्याच जागी दुसरं मांडत. ते दुसरं हुबेहूब काकूंचं असे.

एका रविवारी मला वाटलं, आता पुरे. या माणसाला रोज त्या जड दाराशी झटापट करायला लावण्यात काय अर्थ आहे? आणि काकूंची इच्छा तर उघडच होती. मी म्हटलं, "अण्णा, माझं म्हणणं मी मागे घेतो. काकूंचंच बरोबर होतं. उद्या सुताराला बोलावू. तुमचा दावा मान्य."

काकू जिंकल्या म्हणून ते खूश होतील असं मला वाटलं होतं. चहाचा कप हातात होता तो अण्णांनी ओट्यावर ठेवला. पट्टे ओढलेल्या दारावर हात ठेवून उभे राहिले.

"असं कसं मान्य करता?" ते म्हणाले. "वकील ना तुम्ही माझे? मान्य केलंत तर पुढच्या रविवारी मी कुणाच्या बाजूने बोलू?"

मी त्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"भांडा की जरा, सर."

बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सागवान आहे, अण्णा. असलं लाकूड आता बघायला मिळत नाही."

अण्णांनी टोपी काढली, तिनेच डोळे पुसले आणि टोपी परत घातली.

"मला बघायचं नाय," ते म्हणाले, "वापरायचंय."

पुढे बरेच रविवार तारखा पडत गेल्या. मग अण्णाही गेले. कळवणहून त्यांच्या मुलीची आणि जावयाची बदली नाशिकला झाली, तेव्हा ती त्याच घरात राहायला आली. सामान लावताना तिने मला बोलावलं आणि विचारलं, "सर, ही कपाटं रंगवू की बदलू?"

मी तिला म्हटलं, घाई करू नकोस.

तिने घाई केली नाही. ओट्याखाली तीच कपाटं आहेत, एका दारावर पिस्ता, मोतिया आणि आकाशी पट्टे आहेत. डाळीला वास येतो.