तक्त्यातली अदलाबदल

चष्म्याच्या दुकानात राजकारण बोलू नये, असं काकूंच्या यजमानांचं ठाम मत होतं आणि काकूंच्या दुकानात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, त्याच्या नाकावर तपासणीची ती जड फ्रेम चढली, की ते बिचारं उठून पळू शकत नसे. "हे स्पष्ट दिसतंय की हे?" असं विचारत काकू काचा बदलत आणि त्याच सुरात पुढे विचारत, "आणि आपल्या वॉर्डातल्या सफाई कामगारांना इतक्या वर्षांत कायम केलेलं नाही, ते दिसतंय का?"

यंदा राज्याची आणि शहराची निवडणूक एकाच दिवशी आली होती. काकूंच्या पुरोगामी गटाने उमेदवारांची तुलना करणारा तक्ता काढायचं ठरवलं. गट म्हणजे मुख्यतः काकू आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले टपालकाका. बाकीचे लोक बैठकीला येत, पण कामाचं वाटप सुरू झालं की त्यांना घरी पाहुणे येत.

"मत कुणाला द्या, ते आपण सांगायचं नाही," काकूंनी बजावलं. "कोण काय करणार, ते शेजारी शेजारी मांडायचं. माणसं शहाणी असतात. बघतील आणि ठरवतील."

तक्त्याचा वरचा अर्धा भाग राज्याचा होता. त्याची काळजी नव्हती, कारण त्या उमेदवारांना वॉर्डात कुणी पाहिलेलंच नव्हतं. खरी लढत खालच्या भागात होती. एका बाजूला विद्यमान नगरसेवक, धंद्याने कंत्राटदार. दुसऱ्या बाजूला खासगी रुग्णालयातली नर्स, पहिल्यांदाच उभी राहिलेली. प्रश्न चार होते. भाडेकरूंना लेखी करार मिळणार का, सफाई कामगार कायम होणार का, सरकारी दवाखाना संध्याकाळी उघडा राहणार का आणि वाचनालय राहणार की ते पाडून तिथे पार्किंग होणार. नर्सने पहिल्या तिन्हींना 'हो' म्हटलं होतं आणि वाचनालय राखणार म्हणून सांगितलं होतं. कंत्राटदाराने तिन्हींना 'नाही' म्हटलं आणि वर, "पार्किंग होणार म्हणजे होणार. लिहा बिनधास्त," असं फोनवर सांगितलं होतं.

काकूंच्या नणंदबाई वरच्या मजल्यावर राहत. त्यांच्या मालकीच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या आणि कंत्राटदारावर त्यांचा भारी जीव होता.

"वहिनी, तुझे ते प्रोग्रेसिव्ह काय असतील ते चष्मे विक," त्या म्हणत. "विचार नकोत. त्याने डोकं दुखतं."

"वन्सं, चष्म्यानेसुद्धा पहिले काही दिवस दुखतंच. मग सवय होते."

"मला नाही व्हायची."

शनिवारी दुपारी काकू तक्त्यावर शेवटचा हात फिरवायला बसल्या. 'हो' आणि 'नाही' आधीच टाकून झाले होते, फक्त रकान्यांवर नावं घालायची राहिली होती. आता दोन्ही उमेदवारांचं आडनाव एकच आणि नावाचं पहिलं अक्षरही एकच, हा निव्वळ योगायोग. काउंटरवर दोन सारख्याच काळ्या फ्रेमचे चष्मे पडलेले होते. एक काकूंचा आणि एक बँकेतल्या कॅशियरबाईंसाठी तयार करून ठेवलेला, हाही योगायोगच. काकूंनी हाताला लागला तो चष्मा चढवला, अक्षरं जरा पांगलेली वाटली, "वय झालं आता," असं म्हणून त्यांनी नावांच्या चिठ्ठ्या रकान्यांवर चिकटवल्या आणि तक्ता छापायला दिला. टपालकाकांनी जन्मभराच्या सवयीने रविवारी सकाळी तो प्रत्येक दारात टाकला. एकही घर चुकलं नाही, हेच पुढे फार महागात पडलं.

सोमवारी दुकान उघडतं न उघडतं तोच कॅशियरबाई भिंतीचा आधार घेत आल्या.

"काकू, परवा नेलेल्या ह्या चष्म्यातून मला पायऱ्या दिसतच नाहीत हो."

काकूंनी चष्मा हातात घेतला आणि त्या थिजल्या. तो त्यांचा स्वतःचा होता. मग आपल्या नाकावर दोन दिवस काय आहे? त्यांनी तो काढून कॅशियरबाईंच्या हातात दिला, स्वतःचा डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवर लावलेला तक्ता वाचला. नर्सच्या नावाखाली 'नाही, नाही, नाही' आणि पुढे 'पार्किंग' असं ठसठशीत छापलेलं होतं. कंत्राटदार मात्र गरिबांचा कैवारी झाला होता.

काकू मटकन तपासणीच्या खुर्चीत बसल्या. "अहो!" त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली. "मी त्या पोरीचा गळा कापला हो!"

यजमान धावत आले, तक्ता पाहिला आणि म्हणाले, "मी म्हणत होतो, दुकानात राजकारण नको." हे वाक्य ते अनेक वर्षं म्हणत होते, पण आज पहिल्यांदाच त्याला आधार मिळाला होता.

तेवढ्यात नर्स आली. गणवेशातच होती, कामावर जाता जाता थांबलेली. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"काकू, मी वाचनालय पाडणार आहे का?"

"नाही गं बाई."

"मग लोक मला विचारतायत, पार्किंगचे दर काय ठेवणार म्हणून."

काकूंनी तिचे दोन्ही हात धरले, झालं ते सगळं सांगितलं आणि आजच दुरुस्ती छापते म्हणून शब्द दिला. नर्स निघते न निघते तोच कंत्राटदार दारात. त्याच्या गळ्यात फुलांचा हार होता आणि चेहरा मात्र दुखऱ्या दातासारखा.

"काकू, हे काय करून ठेवलंत? सकाळी सफाई कामगारांनी मला रस्त्यात उचलून घेतलं. उचलून! माझी कंबर आधीच धड नाही."

"चूक झाली. दुरुस्ती छापते. तुम्ही या सगळ्याच्या विरोधात आहात, असं स्पष्ट लिहिते."

कंत्राटदार दचकला. "अहो, असं कसं लिहिता? आता लिहिलंत तर ते मला पुन्हा उचलतील. आणि ठेवतील कुठे, देव जाणे."

"मग काय लिहू?"

"काहीच लिहू नका. हात जोडतो."

"तुमची उत्तरं खोटी लिहिली गेली, ती खरी लिहायला नको?"

"खऱ्याची घाई काय आहे? निवडणूक होऊ दे की!"

काकूंनी दुरुस्ती लिहिलीच. पण ती छापून येईपर्यंत तक्त्याने आपलं काम केलं होतं. संध्याकाळी वरून नणंदबाई उतरल्या, त्या लाल झालेल्या.

"वहिनी, तुझ्या तक्त्यात लिहिलंय ते खरं का? मी ज्याच्यासाठी इतकी वर्षं चपला झिजवल्या, तो भाडेकरूंच्या बाजूने?"

"वन्सं, ऐका तर—"

"ऐकायचं काही राहिलेलं नाही. त्या नर्सबाईने 'नाही' म्हटलंय ना? बास. दुपारपासून मी तिचा प्रचार करतेय. आपली सबंध गल्ली झाली, मागचीही झाली."

"पण तिने 'हो' म्हटलंय. मी नावं उलटी टाकली."

नणंदबाईंनी काकूंकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आता मी तिच्या बाजूने गेले, तर तुला ती नकोशी झाली होय? कळतात मला तुझे डाव."

इकडे काकूंची स्वतःची माणसं कंत्राटदाराकडे वळली होती. टपालकाकांसारखा माणूससुद्धा म्हणाला, "माणूस बदलू शकतो, यावर आपला विश्वास असायला हवा." दुरुस्तीचा कागद हातात ठेवला तेव्हा कुठे ते भानावर आले आणि पिशवी घेऊन पुन्हा दारोदार निघाले. पण लोकांनी दुसरा कागद पहिल्यासारखाच समजून न वाचता ठेवून दिला.

बुधवारी वॉर्डाच्या सभागृहात दोन्ही उमेदवारांची सभा होती. काकू थेट माईकपाशी गेल्या आणि चष्म्याची सगळी हकीकत त्यांनी जशीच्या तशी सांगून टाकली. सभागृह हसून हसून लोळलं. काकूंनी तरीही शेवटपर्यंत सांगितलं. "चूक माझी आहे. आता दोघांनी आपापल्या तोंडाने सांगावं."

कंत्राटदार उठला. समोरच्या रांगेत सगळे सफाई कामगार बसले होते आणि सगळे धडधाकट होते.

"काकूंनी चूक केलेलीच नाही," तो म्हणाला. "ते सगळं मी करणारच आहे. माझ्या मनातलं त्यांच्या हातून आपोआप लिहिलं गेलं."

टाळ्या पडल्या. मग नर्स उठली.

"ऐकून बरं वाटलं. पण नगरसेवक आजही हेच आहेत. कामगारांना कायम करायच्या ठरावावर यांचीच सही अडली आहे. हा तो ठराव, मी घेऊन आले आहे. ती आत्ता केली, तर निवडणुकीपर्यंत थांबायला नको. मी हरले तरी चालेल."

पेन पुढे करायला सबंध पहिली रांग उभी राहिली. कंत्राटदाराने आजूबाजूला पाहिलं, कंबरेवर हात ठेवला आणि सही केली.

टाळ्या थांबल्यावर नर्स मागच्या रांगेकडे वळली. तिथे नणंदबाई आपल्या गल्लीतल्या घरमालकांना घेऊन बसल्या होत्या.

"ताई, तुम्ही माझ्यासाठी दारोदार फिरताय, असं कळलं. पण तुम्हाला फसवून मत घ्यायचं नाही मला. मी निवडून आले तर भाडेकरूंना लेखी करार द्यावाच लागेल. तुम्हालाही."

काकूंनी डोळे मिटून घेतले. नणंदबाई सावकाश उठल्या आणि बाहेर पडल्या. त्यांच्यामागून घरमालकांची रांगही उठून गेली.

काकू घरी पोचल्या, तर नणंदबाई जिन्यातच बसलेल्या.

"वन्सं, आत चला."

"थांब. विचार करतेय." काकूंना शेजारी बसायची खूण करत त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं उमेदवार माझ्या दारात येतात. माझ्या तोंडावर माझ्या विरुद्ध बोललेली ही पहिलीच."

"मग?"

"मग काय? जी मत मागतानाही खोटं बोलत नाही, ती नंतर तरी कशाला बोलेल? त्या कंत्राटदाराचं काय, तो आज भाडेकरूंचा, उद्या माझा, परवा आणखी कुणाचा. हिच्याशी निदान नीट भांडता तरी येईल." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल, गल्लीतल्यांना पुन्हा गाठायला हवं. भडकलेत सगळे. तू येऊ नकोस. तू बोललीस की घोटाळा होतो."

नर्स थोडक्या मतांनी निवडून आली आणि ती मतं नणंदबाईंच्या गल्लीतली होती, हे कुणाला सांगावं लागलं नाही. ज्याला त्याला त्या स्वतःच सांगत होत्या.

पुढच्या महिन्यात काकूंच्या दुकानात गटाची बैठक भरली. या वेळी कुणाकडे पाहुणे आले नव्हते, शिवाय काही नवी मंडळीही आली होती. तपासणीच्या खुर्चीत, म्हणजे अध्यक्षस्थानी, नणंदबाई होत्या. भाडेकराराच्या मसुद्यावर चर्चा चालली होती आणि त्या एकेका कलमावर नवीन नगरसेविकेशी तावातावाने भांडत होत्या. काकूंनी मधेच भीत भीत सुचवलं, "वन्सं, जुन्या घरमालकांना थोडी सवलत ठेवली तर? तुमच्यासारख्यांना बरं पडेल."

नणंदबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, "सवलत कशाला? नियम सगळ्यांना सारखा," असं ठणकावलं आणि नव्या मंडळींकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हं. आमच्या वहिनी स्वभावाने चांगल्या आहेत, फक्त जरा जुन्या वळणाच्या."