देल्ला कोनं?

आमच्या शेजारच्या मेश्रामकाकांच्या घरातून सकाळी सहाच्या सुमाराला आरोळी येते, "देल्ला कोनं? अरे, देल्ला कोनं थे त सांगा!" गल्लीत नवीन भाडेकरू आला असेल तर तो दचकून दार उघडतो. आम्ही जुने लोक फक्त कूस बदलतो. तिकडे अमेरिकेत संध्याकाळ झालेली असते, बास्केटबॉलचा सामना रंगात आलेला असतो. कुणी तरी सात फुटी माणसानं उडी मारून बॉल जाळीत कोंबलेला असतो आणि हजारो लोक त्याच्या नावानं नाचत असतात. इकडे बालाघाटात आमचे काका टीव्हीला जाब विचारत असतात, की बाबा रे, याला बॉल दिला कुणी?

काका सहा फूट उंच, वाळक्या अंगाचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. काकू जाऊन पाच वर्षं झाली. दोन्ही मुली नागपूरला. धाकटीनं टीव्हीवर हे अमेरिकेचे सामने लावून दिले आणि गेली. तिला वाटलं, बाबांचा वेळ जाईल. बाबांचा वेळ गेला आणि आमची झोप गेली.

अमेरिकन नावं काकांच्या तोंडात बसत नाहीत. त्यांनी सगळ्यांची बारशी आपल्या हिशेबानं केली आहेत. एक आहे पटवारी. तो बॉल हातात आला की जमीन मोजावी तसं सगळं कोर्ट मोजून घेतो, मग पुढं सरकतो. एक नवरदेव आहे. डोक्याला पट्टी, हाताला पट्टी, दंडाला पट्टी, आणि सगळे ताटकळल्यावर हलणार. सगळ्यांत बदनाम आहे तो ठेकेदार. जगातले मोठमोठे जाणकार म्हणे त्याला डोक्यावर घेतात. काकांचं मत वेगळं. "चार जण राबून राह्यले, अन् हा बोर्डाखाली उभा राहून फीत कापते. याच्यात काय हाये? मिठाई वाटासारखं काय हाये?"

मी क्रिकेटवाला. एकदा सहज म्हणालो, "काका, पण पॉइंट तर त्यानंच केले ना?"

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी जिल्हा कोर्टात बाबू आहे हे विसरून आरोपीसारखा उभा राहिलो. "वकिलाइत राहून राहून तुमची बुद्धी बिघडली, विजूभाऊ," ते म्हणाले.

पगारी खेळाडूंवर त्यांचा राग, तर कॉलेजच्या पोरांवर जीव. तिकडे कॉलेजांचेही सामने टीव्हीवर दाखवतात, आणि काका ते जास्त मन लावून बघतात. त्यांचं म्हणणं असं, "हे पोट्टे अजून एकमेकाच्या तोंडाकडे पाहून खेळतेत. पगार सुरू झाला का मान वळत नाही." गेल्या वर्षी असाच एक काटकुळा पोरगा त्यांना भलता आवडला होता. त्याचं नाव ठेवलं शांताराम. स्वतः कमी मारायचा, दुसऱ्याला जास्त द्यायचा. शांताराम दोन हातांत बॉल घेऊन मान वर करायचा, की काका इकडे खुर्चीत पुढे सरकायचे. "पाहा, पाहा, आता थो देईन!" आणि तो खरंच द्यायचा. त्या दिवशी मग गल्लीभर काका हसतमुखानं हिंडायचे.

हा आजार बास्केटबॉलपुरता राहिला असता तर ठीक होतं. माझ्या बढतीच्या पार्टीत साहेबांनी माझ्या एका फाइलीचं तोंड भरून कौतुक केलं, तर काकांनी जिलबी खाता खाता विचारलं, "लेहली कोनं?" फाइल लिहिली होती माझ्या हाताखालच्या बोपचेनं. तो बिचारा कोपऱ्यात पाणी पीत उभा होता. शेवटी मला त्याला पुढे बोलवावं लागलं. वैनगंगेकडच्या रस्त्यावर एका मोठ्या माणसानं पुलाचं उद्घाटन केलं, तेव्हा काका गर्दीत शिरून "सेंट्रिंग कोनं बांधली?" असं विचारत फिरले, आणि काँक्रीटखालच्या फळ्या ठोकणारा तो सेंट्रिंगवाला सापडेपर्यंत घरी आले नाहीत. आमच्याकडे आले की चहाचा घोट घेऊन आधी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतात, "सूनबाई, चहा तुमच्या हातचा वाटून राह्यला." माझी बायको त्यांच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली, तुम्ही कधी विचारलं का, असं मलाच ऐकवते.

एवढं सगळं असून माणूस असा का झाला, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. विक्षिप्त माणूस शेजारी असला की आपण त्याला पावसाळ्यासारखा धरून चालतो.

मग यंदा त्या शांतारामची पगारी संघात निवड झाली. निवडीचा कार्यक्रमही टीव्हीवर होता. मला वाटलं, काका आज पेढे वाटणार. ते आले आणि आमच्या कुंपणाला धरून उभे राहिले. चेहरा पार उतरलेला.

"शांतारामची निवड झाली ना? मग?"

"झाली. नाव पुकारलं, उठला, टोपी घातली, गेला. बाजूले त्याचा दोस्त बसला होता. त्याच्याकडे पाह्यलंबी नाही." मग म्हणाले, "मीबी असाच गेलतो."

आणि मग कुंपणापाशी उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. अडतीस वर्षांपूर्वी ते इथल्याच कॉलेजच्या संघात खेळायचे. त्यांचा जोडीदार होता सुखदेव, आमच्याच जिल्ह्यातल्या, वारासिवनीपुढं खैरलांजीकडच्या एका गावचा. बुटका, रुंद आणि चपळ. एका सामन्याला सरकारी खात्यातले साहेब आले होते. खेळाडूंसाठी एक जागा होती. एकच. शेवटच्या मिनिटाला सुखदेव बॉल घेऊन थेट जाळीखाली पोचला. समोर कुणी नाही. त्यानं नुसता हात वर करायचा होता. त्यानं मान वळवली आणि बॉल काकांकडे फेकला. काकांनी मारला. साहेबांनी वहीत नाव लिहिलं, ते काकांचं.

"त्याची जागा खाल्ली मी," काका म्हणाले. "त्यानं काहून देल्ला असंन? मले नोकरी लागावी म्हनून? तोंड दाखवासारखं नाही राह्यलं, विजूभाऊ. एकडाव गेलो नाही, मंग जाताच नाही आलं." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की सकाळी आरोळी ठोकणारा माणूस हाच का, असं मला वाटलं.

मी म्हटलं, "रविवारी जाऊ. मी नेतो." ते नको नको म्हणत राहिले आणि रविवारी सात वाजता इस्त्रीचे कपडे घालून माझ्या मोटरसायकलपाशी येऊन उभे राहिले.

वारासिवनीपर्यंत ते बोलत होते. त्यापुढं त्यांनी माझा खांदा धरून ठेवला. सुखदेव कुठल्या हालात असेल, जिवंत तरी असेल का, हा प्रश्न मला पाठीमागे बसलेल्या त्या माणसाच्या श्वासातसुद्धा ऐकू येत होता.

सुखदेव चांगला ठणठणीत होता. अंगणात ट्रॅक्टर, गोठ्यात तीन म्हशी, कपाळावर टिळा, आणि पोट असं, की बास्केटबॉल त्यानं गिळलाच असावा. क्षणभर बघत राहिला. मग ओरडला, "अबे लंब्या!"

काकांना मिठी मारायचीही उसंत नव्हती. त्यांना आधी गुन्हा कबूल करायचा होता. त्यांनी काडी घेऊन अंगणाच्या मातीत कोर्ट काढलं, जाळी काढली, सुखदेव कुठं होता, आपण कुठं होतो, सगळं दाखवलं. शेवटी म्हणाले, "समोर कोनी नोहतं. तरी तू मले देल्ला. काहून देल्ला, सुख्या? एवढंच सांग."

सुखदेवनं मातीतली आकृती एकदा या बाजूनं पाहिली, एकदा त्या बाजूनं पाहिली.

"कोनता बॉल गा?"

"अबे, थोच! साहेब आलते तवाचा!"

"असंन बाप्पा. मले काही याद नाही. तू मोकळा दिसला असशीन, देल्ला असंन. मी त सगळ्याइलेच देत होतो."

काका काडी हातात धरून तसेच उभे. अडतीस वर्षं जपलेला गुन्हा फिर्यादीलाच ठाऊक नव्हता. कोर्टात इतकी वर्षं काढली, पण असा खटला मी पाहिलेला नाही. मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.

मग सुखदेवचा आवाज खाली आला. "पन तू नोकरीवर गेला त्या रोजी मी टेसनावर आलतो. गाडी निघून गेलती. मनात म्हटलं, तू दिवाळीले येशीन. तीन-चार दिवाळ्या माही बुढी माय तुह्यासाठी चिवड्याचा डबा ठेवे. मंग थेबी गेली. तू काहून नाही आला बे?"

"लाज वाटे."

"लाज? माह्यापाशी?"

काका अंगणातच बसले आणि लहान मुलासारखे रडले. सुखदेव त्यांच्या शेजारी बसला, तोही डोळे पुसू लागला. मी म्हशींकडे बघत उभा राहिलो, कारण माझंही काही वेगळं चाललेलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी निघायचं म्हणालो, तर सुखदेवनं काकांचा दंड धरला. "हा नाही येत. मुक्कामाले राह्यते."

"कपडे नाही आनले गा."

"माहे घाल."

मोटरसायकल वळवताना मी मागे पाहिलं. सुखदेवचा सदरा काकांना बेंबीपर्यंतच पोचत होता आणि रुंदीला दोन माणसं मावली असती. तो घालून ते म्हशीपुढं पाण्याची बादली घेऊन उभे होते. सुखदेव कमरेवर हात ठेवून त्यांना एकामागून एक शिव्या घालत होता, आणि काका मान खाली घालून "हौ, हौ" म्हणत होते. अडतीस वर्षांच्या शिव्या होत्या, एका मुक्कामात थोड्याच संपणार होत्या!