सेपा आत्याचं घर हलवताना

मी ठरवलं की ठरवलं! टोलचा नवा द्रुतगती मार्ग फिलिपिन्समधल्या आमच्या लुझॉन बेटावरचे तीन प्रांत आणि सोळा गावं जोडणार आहे, आणि त्याच्या लाल खुंट्या नेमक्या सेपा आत्याच्या स्वयंपाकघरातून जातात, हे कळलं त्याच दिवशी मी जाहीर केलं, "सोमवारी बुलडोझर येईल, पण आत्याचं घर त्याला सापडणार नाही!"

घर बांबूचं, छपराला निपा नावाच्या पाणताडाची पानं. असं घर आमच्याकडे कुणी मोडत नाही. खाली लांब बांबू घालून शेजारीपाजारी खांद्यावर नेतात. मजुरी नाही. घर टेकेल तिथं पोटभर जेवण, एवढाच करार. मी भूगोलाचा मास्तर. नकाशा काढला, टेकडीवरच्या चिंचेखालची जागा हेरली, चाळीस माणसं जमवली.

शनिवारी सकाळी आत्या खाली उतरेना.

"पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला उचलतंय. मी का उतरू?"

"आत्या, वजन होतंय!"

"माझं वजन काढतोस? आधी बायकोला उचलून दाखव!"

निघालो. आत्या खिडकीत, मांडीवर बाळ येशूची मूर्ती. मूर्ती पाहून रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, मिरवणूक! त्यांनी मेणबत्त्या पेटवल्या. मेणबत्त्या पाहून बँडवाले आले. बघता बघता चारशे माणसं झाली. आत्या दोन्ही बाजूंना हात हलवत होती, निवडणुकीला उभी राहिल्यासारखी! मी पुढून "डावीकडे! डावीकडे!" ओरडत होतो, पण ढोलापुढे भूगोलाचं काय चालणार?

तेवढ्यात भाजलेल्या डुकराचा वास आला. बास्केटबॉलच्या मैदानात माझी बायको क्लारिंग पातेली मांडून बसली होती.

"अगं, चिंचेखाली सांगितलं होतं ना!"

"अहो मास्तर, तिथं लाल मुंग्या आहेत. इथं वर छप्पर आहे, नळ आहे. घर जाऊ दे की पुढं!"

पण घर पुढं जातंय कसलं? पातेली दिसताच चाळीस खांदे एकदम वाकले. घर मैदानाच्या मधोमध टेकलं. जेवणं झाली, ढेकर झाले आणि माणसं पांगली.

"अरे, अजून टेकडी आहे!"

"सर, जेवलो की! काम संपलं."

मी हार मानणारा नव्हे. रविवारी दुपारी त्याच मैदानावर अंतिम सामना होता. सकाळीच गावचे कप्तान, म्हणजे आमचे सरपंच, रुफो तणतणत आले.

"मास्तर, खेळायचं कुठं? तुमच्या आत्याच्या माजघरात?"

"तुमची पोरं द्या, तासाभरात हलवतो."

"घ्या दोन्ही संघ!"

मी बाण काढून नवा नकाशा केला, त्यांच्या हातात दिला आणि निर्धास्तपणे प्रार्थनेला गेलो. दुपारी परत येतो तो मैदान मोकळं, सामना रंगात! मी कप्तानांना मिठीच मारली.

"चिंचेखाली नीट बसलं ना?"

"कुठली चिंच?"

"अहो, तो नकाशा दिला होता!"

"तो कागद होय? त्याच्या पाठीवर गुण लिहितोय. आणि घराची काळजी सोडा. पोरांनी जिथलं होतं तिथं नेऊन ठेवलं. बोटभरही इकडं तिकडं नाही!"

मी धावत सुटलो. लाल खुंट्या जागेवर होत्या. त्यांच्यावर घरही होतं, अगदी जागेवर. आत्या खिडकीतून प्रसन्न हसली.

"फार छान फिरवून आणलंस रे! उद्या कुठं नेतोस?"