धोंड्याचा महिना आणि कोर्ट

"दावा टाकाले आजचा येकच दिस उरला," पंचांग मिटत सदाशिवराव म्हणाले. "आज सहा महिने भरतेत."

त्या वर्षी, म्हणजे २००४ साली, महाशिवरात्रीला कळंबच्या रस्त्यावर कापसाच्या मेटॅडोरने त्यांच्या बायकोला, तानाबाईंना धडक दिली होती. उजवा हात मोडला आणि वाकडाच जुळला. आता पुन्हा ऑपरेशन हवं होतं आणि ते भरपाईवर अडलं होतं. रद्दीतून आणलेल्या कायद्याच्या पुस्तकात सदाशिवरावांनी स्वतः वाचलं होतं, दावा सहा महिन्यांच्या आत.

पोळा उद्यावर आला होता. यवतमाळच्या एसटीत माणसांपेक्षा झुली आणि घुंगरमाळाच जास्त. उभ्या उभ्या तानाबाई डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"अवो, शिवरात्रीपासून सात होऊन राह्यले ना?"

"यंदा श्रावण दोन आले. धोंड्याचा महिना धरत नसते."

"कोर्ट बी नाई धरत?"

सदाशिवरावांनी घाईघाईने पिशवीतलं पुस्तक काढून चाळलं. पुस्तकात याबद्दल काहीच नव्हतं.

कोर्टाचे उंच खांब पाहून ते दबकत चालू लागले. वकिलांच्या खोलीबाहेर देवळाबाहेर काढाव्यात तशा त्यांनी वहाणा काढल्या. आत भिंतीवर तारखांचं कॅलेंडर होतं. ते पाहिल्यावर त्यांनी हात जोडून सगळं कबूल केलं.

"धोंड्याचा महिना?" वकिलांनी चष्मा काढला. "काका, कोर्ट इंग्रजी तारीख पाह्यते. तुमचे सहा महिने ऑगस्टातच संपले."

"चूक माही हाये, सायेब. सजा तिच्या हाताले नोका देऊ."

"पण पुस्तक कोणत्या सालचं तुमचं?"

"नव्वदचं."

वकील हसू लागले. "चौऱ्याण्णव सालीच ती मुदत काढून टाकली. दहा वर्षं झाली! अपघाताच्या दाव्याले आता मुदतच नाही."

"म्हंजे, कवाबी या?"

"कवाबी."

सदाशिवरावांनी मान वर करून छताकडे पाहिलं. एवढी मोठी इमारत, एवढे काळे कोट, आणि हे सगळं आपल्यासारख्यासाठी न रागावता थांबून राहिलं होतं! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते एकदम हलके झाले.

"चाल वं मंग. आज बैलाईचे खांदे शेकाचे हायेत. दिवाई झाली का येऊ निवांत."

तानाबाई जागच्या उठल्या नाहीत. उलट समोरची खुर्ची ओढून त्या नीट टेकून बसल्या.

"तुमी जा. मुदत कायद्याले नसन, माह्या हाताले हाये. दसऱ्यापासून कापूस येचा लागते."

सदाशिवराव दाराशी उघड्या पायांनी उभेच राहिले. वकिलांनी हसणं थांबवून पेनाचं टोपण काढलं.

"काकू, नाव सांगा."