उकंडरावांच्या तिघी

आमच्या शेजारचे उकंडराव रोज सकाळी सात वाजता दांडीने जमीन ठोकतात. ठोकतात म्हणजे काय, तर लांब दांडीच्या टोकाला पोळपाटाएवढी काळी चकती असते, ती अलगद जमिनीला टेकवायची, वीतभर उचलायची, पुन्हा टेकवायची. असं दहा-बारा वेळा. चेहरा इतका गंभीर की गल्लीत नवीन भाडेकरू आले की पहिल्याच आठवड्यात मला विचारतात, "काकू, हे कोणत्या महाराजांचे?"

महाराजबिहाराज काही नाही. ते मेटल डिटेक्टर आहे. जमिनीत लोखंड, तांबं, चांदी पुरलेली असली की ते ओरडतं. आणि ती टेकवाटेकवी म्हणजे यंत्राला मातीची ओळख करून देणं. "आपली काळी माती लई लोहाची हाये, वैनी. आदी ओळख करून नाई देल्ली तं मशीन मातीलेच धातू समजून बोंबलते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

मी अकोल्याची. लग्न होऊन अमरावतीत आले त्याला तीस वर्षं झाली, पण तोंड अकोल्याचंच राहिलं. आमच्या ह्यांनी शेजाऱ्यांशी जी काही गोडी ठेवलीय ती मी कुंपणावरून रोज घालवते. उकंडरावांचं यंत्र 'टुंई' करून केकाटलं की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद करा हो ते!" आणि तिकडून "हाव जी, हाव जी" असं उत्तर यायचं. बंद मात्र कधी झालं नाही.

उकंडराव वीज खात्यात लाईनमन होते. लग्न केलं नाही. रिटायर झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता बिचारे शेगावला जातील, पेपर वाचतील, दुपारी झोपतील. त्यांनी एक मशीन आणली. मग दुसरी. मग तिसरी. नावं ठेवली थोरली, मधली आणि धाकटी. लग्नाच्या बाबतीत आयुष्यभर नन्नाचा पाढा लावलेला माणूस साठीला तिघींचा संसार करायला लागला, तर गल्ली बोलणारच. मी जरा जास्त बोलले.

थोरली नागपूरच्या भंगारातून आणलेली. इतकी जड की खांद्याला अडकवली की उकंडराव एका अंगाला कलतात. मधली दिल्लीहून पार्सलनं आली. लाल रंग, छोटासा पडदा, आणि जमिनीत काय आहे त्याचं नाव पडद्यावर उमटतं. गुटख्याच्या रिकाम्या पुडीवर धरली तर ती बेधडक 'गोल्ड' सांगते. धाकटी मावसभावानं दुबईहून आणून दिली. सकाळची टेकवाटेकवी चालते ती हिचीच.

तिघींची तुलना हा त्यांचा आवडता विषय. चहाला बोलावलं तर साखर किती हे सांगायच्या आत सुरू. "थोरली कष्टाळू हाये, खोल आयकते, पन तोंडाची लई वाईट. मुरमावर बी ओरडते. मधली दिसाले गोजिरी, पन एक शब्द खरा नाई. धाकटीचं अजून पाहून राहिलो."

"थोरली कोणासारखी म्हणालात?" मी विचारलं.

उकंडरावांनी माझ्याकडे पाहिलं, चहा बशीत ओतला आणि विषय मुरमावर नेला.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पाऊस सोडून सगळे येत होते. पाहणी करणारे आले, पुढारी आले, टीव्हीवाले आले, भाषणं झाली. उकंडराव मात्र तिघींना स्कूटरला बांधून वलगाव, भातकुलीकडच्या पडीक वावरांत हिंडायचे आणि संध्याकाळी गोणपाट पसरून मिळकत मांडायचे. बैलाचे नाल, वखराची मोडकी फास, भोकाचा पैसा, एखादा घुंगराचा मणी. आणि बियाण्याची चकचकीत पाकिटं, पाकिटं, पाकिटं. "बियानं उगोलं नाई," ते एकेक पाकीट झटकून म्हणायचे, "पन पाकिटाले पाहा, दोन वर्षांनी बी टुंई करून राह्यलं."

मशीनची बातमी पसरली तसे हंडेवाले यायला लागले. हंडेवाले म्हणजे ज्यांच्या आज्यानं मरताना कुठेतरी सोन्याचा हंडा पुरल्याचं सांगितलं असे लोक. वऱ्हाडात असा आजा नसलेलं घर मला तरी माहीत नाही. एकदा शेंदूरजनाघाटहून संत्र्याचे बागवाले तिघं भाऊ आले, सोबत लिंबू, नारळ आणि कोंबडा. उकंडरावांनी कोंबडा पाहिला आणि भडकले. "हंडा पायजे? मंग भांड्याच्या दुकानात जा नं! माह्याकडे काऊन आले?" भाऊ गेले, पण कोंबडा आमच्या अंगणात सुटला आणि दोन दिवस राहिला. तो कसा गेला ते आमच्या ह्यांना विचारू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. तिघींची परीक्षा उकंडराव ज्या वस्तूवर घ्यायचे, ती वस्तू.

एक दिवस मी कपडे वाळत घालत होते. पाहते तर हे महाशय माझ्या मोगऱ्याच्या वाफ्यात बसून खड्डा करताहेत. "आमच्या अंगनात मुरूम हाये, वैनी. काळी माती तुमच्याकडंच हाये." म्हणजे माझी परवानगी झाली. त्यांनी गळ्यातला काळा दोरा काढला. दोऱ्याला होतं एक जोडवं. चांदीचं, बारीकसं, झिजून पातळ झालेलं. ते त्यांनी मनगटाएवढं खोल पुरलं आणि तिघींना पाळीपाळीनं फिरवलं. मग कोपराएवढं खोल पुरलं, पुन्हा फिरवलं. माझ्या मोगऱ्याची दोन रोपं त्यात कामी आली.

"अरे बाप्पा!" मी कमरेवर हात ठेवून म्हटलं. "ब्रह्मचारी माणसाच्या गळ्यात बाईचं जोडवं! कोणाचं हो हे?"

उकंडराव हसले नाहीत. जोडवं धोतराला पुसलं, दोऱ्यात ओवलं आणि निघून गेले. मला अर्थातच मसाला मिळाला. संध्याकाळपर्यंत चार घरांत कळलं की उकंडरावांची कुठेतरी कोणीतरी आहे. कळवलं मीच. लपवून काय करू?

उन्हाळा वाढला. नळाला चार दिवसांआड पाणी यायला लागलं. मे संपता संपता एके सकाळी उकंडराव आमच्या दारात उभे. अंगात इस्त्रीचा सदरा. सदऱ्याला इस्त्री म्हणजे काहीतरी भानगड आहे हे मी ओळखलं.

"वैनी, एक काम होतं. तुमी माह्यासंगं गावाले येता का? दादाले बी घ्या, तुमची व्हॅन बी घ्या." दादा म्हणजे आमचे हे.

"कोणतं गाव? तुमचं गाव तर धरणात बुडालं ना?"

"बुडालं होतं. यंदा धरन आटलं. तीस वर्षांत पयल्यांदा गाव वर आलं जी. मिरगाले आठ दिवस राह्यले. पाऊस आला का पुन्यांदा बुडन."

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यात मशीनचा एक शब्द नव्हता.

"माह्या आदी मायचे दोन लेकरं गेले. मी तिसरा. तं तिनं मले जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं. म्हणजे देवाले वाटन हे टाकून देल्लेलं हाये, कायले न्यायचं? मावशीनं उचलून आनलं आन् नाव ठेवलं उकंडा. बाराव्या दिवशी मायच गेली. बापानं दुसरी केली. ते नवी माय म्हने, हा उकिरड्यावरच सापडला, टाकूनच देल्लं होतं याले. शाळेतले पोट्टे बी तेच म्हनत."

"आणि जोडवं?"

"मावशी म्हने, तुह्या मायनं एका पायाचं जोडवं काढून तुह्या नाळेसंगं पुरलं. देवाले म्हने, हे घे, पन याले राहू दे. दुसरं हे माह्या गळ्यात. नवी माय म्हने, सब झूट, थे जोडवं मावशीनंच लंपास केलं." त्यांनी दोऱ्यातलं जोडवं बोटात फिरवलं. "आता दोघी बी नाई. साठीचा झालो, वैनी. मले सोनं नको, काही नको. कोन खरं बोलत होतं तेवढं पाहाचं हाये."

"मग मी कशाला?"

"नाळ बाईनं पुरली, बाईनंच उकराव म्हनते. मानसाचा हात लागू नये. माह्याकडे बाई कुठून आनू?"

चार घरांत काय काय सांगून आले होते ते मला आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चप्पल घातली.

धरणाच्या पोटात गाव उघडं पडलं होतं. देवळाचा ओटा, विहिरीचा गोल, घरांच्या जोत्यांचे दगड. आणि गावठाणावर टरबुजाचे वेल, कारण दरवर्षी पाणी हटेल तिथल्या गाळात इसाकभाई बागवान टरबूज लावायचे, आणि यंदा ते गावठाणापर्यंत आले होते. तिघी मशीन उतरताना पाहून इसाकभाई धावतच आले.

"देखो भाऊ, हंडा निकला तो आधा मेरा. जमीन पे बाडी मेरी है."

"निघाला तं पुरा घे," उकंडराव म्हणाले आणि सरळ आपल्या घराच्या जोत्यावर गेले. न्हाणीचा दगड अजून होता. मावशीनं सांगितलं होतं, दगडापासून उगवतीकडे तीन हात. कोणाचे हात, यावर आमचे हे आणि इसाकभाई वाद घालायला लागले. शेवटी मावशी माझ्याएवढीच ठेंगणी होती म्हणून माझ्या हातानं मोजलं.

थोरली सुरू केली तर ती पाय ठेवला तिथं ओरडायला लागली. मधलीला इसाकभाईंची खताची रिकामी पुडी सापडली आणि तिनं 'गोल्ड' सांगितलं. इसाकभाईंनी ते वाचलं आणि मटकन खालीच बसले. त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला.

मग धाकटी. उकंडरावांनी ती टेकवली, उचलली, टेकवली. दहा वेळा, बारा वेळा. मशीन एकदम चूप झाली. तीन हातांवरच्या जागेवर ते ती फिरवत राहिले. काही नाही. चार हात. काही नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. उकंडरावांचा इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ते आमच्यापैकी कोणाकडेही बघत नव्हते. मी मनात म्हटलं, देवा, या माणसाला खोटा पाडू नकोस.

"मावशी दगडाच्या कोनत्या कडेपासून मोजत असन?" त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि दोन पावलं मागे सरकले.

टुंई.

बारीक, स्वच्छ आवाज. माझ्या मोगऱ्याच्या वाफ्यातून ऐकू यायचा अगदी तोच.

"वैनी," ते म्हणाले आणि खुरपं माझ्यापुढे धरलं.

मी पदर खोचून बसले. लाटांनी वरची माती धुऊन नेली होती. खुरप्यानं वीतभर उकरलं तर खापराचे तुकडे लागले. हातानं माती बाजूला केली. खापराखाली, मातीत घट्ट बसलेलं, काळं पडलेलं जोडवं. मी बोटानं पुसलं. उकंडरावांनी दोऱ्यातलं शेजारी धरलं. तीच नक्षी, तोच आकार. इतकं लहान की माझ्या करंगळीतही गेलं नसतं. किती वर्षांची होती ही पोर, माझ्या मनात आलं, आणि मला रडू फुटलं. मला! अकोल्याच्या बाईला!

"घ्या भाऊजी," मी ते पुढे केलं.

उकंडराव एकदम मागे सरले. "नाई नाई! ठेवा तिथंच. तिनं देवाले देल्लेलं हाये ते. म्या वापस घेतलं तं सौदा मोडते नं जी!" मग म्हणाले, "साठ वर्ष झाले म्हना. पन देवाचा काय भरोसा?"

मी जोडवं होतं तिथं ठेवलं आणि माती सारखी केली. इसाकभाई पुढे आले, आजूबाजूचे चार वेल त्यांनी उचलून बाजूला सारले आणि म्हणाले, "इतनी जगह छोड देता मैं. जब भी गाव ऊपर आयेगा, इधर नहीं लगाऊंगा." मग एक टरबूज गुडघ्यावर फोडून त्यांनी सगळ्यांच्या हातात फोडी दिल्या.

उकंडराव फोड हातात धरून तसेच उभे. दुसऱ्या हातात धाकटी, त्याच जागेवर धरलेली. टुंई, टुंई, टुंई. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

"टाकून नोतं देल्लं, वैनी," ते म्हणाले.

"नव्हतंच दिलं."

मशीन ओरडतच होती. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं. सवयीनं दचकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बंद करू का जी?"

"राहू द्या," मी म्हटलं.